माझ्याबद्दल सगळं ठाऊक असलेलं पत्र

ब्रँडच्या नावाचा ट्रेडमार्क अर्ज भरून पाच आठवडे झाले आणि ते पत्र आलं. जाड पांढरं पाकीट, आत घडी घातलेला एकच कागद. वर पंख पसरलेल्या पक्ष्याची मुद्रा, खाली बारकोड, आणि उजव्या कोपऱ्यात चक्क माझा लोगो. भावाने आणि मी तीन महिने खोडून-खोडून काढलेला, शेवटच्या अक्षराखाली टाक्यांसारखी तुटक रेघ असलेला.

अर्जाचा क्रमांक बरोबर. तारीख बरोबर. वर्ग १८ आणि २५, तेही बरोबर. आम्ही चामड्याच्या पिशव्या आणि पट्टे करतो. पिशव्या १८मध्ये जातात आणि कमरेचे पट्टे कपड्यांबरोबर २५मध्ये, हे मलासुद्धा अर्ज भरतानाच कळलं होतं. खाली लिहिलं होतं, ‘आंतरराष्ट्रीय रजिस्टरमधील नोंदीचे शुल्क’. रक्कम, बँकेचं खातं, शेवटची तारीख. रक्कम मूळ अर्जाच्या शुल्काच्या तिपटीहून जास्त होती.

हिशेब बघणारा मुलगा म्हणाला, “ताई, हे भरायचं राहिलंय वाटतं. शुक्रवारी मुदत संपतेय.” मी विचारलं, “एवढे कसे?” तो म्हणाला, “आंतरराष्ट्रीय आहे ना.” झालं, शंका मिटली. गुरुवारीच पैसे गेले.

मी काही भोळीभाबडी नाही. कच्चा माल घेताना चामड्याचा तुकडा वाकवून, वास घेऊन, मागची बाजू खरवडून बघते. पण हे पत्र लिहिणाऱ्याला माझ्या अर्जाचा बारीकसारीक तपशील माहीत होता आणि तो कार्यालयाबाहेर कोणाला कळणं शक्य नाही, असं मी धरून चालले. माझी चूक नेमकी तिथे झाली. पैशांपेक्षा ती गोष्ट मला जास्त लागली.

अर्जातली माहिती गुप्त नसतेच. ट्रेडमार्क हा सगळ्या जगाविरुद्ध मागितलेला हक्क. उद्या मी कोणालाही “हे नाव वापरू नका” म्हणू शकणार, म्हणून आज प्रत्येकाला माझा अर्ज बघून हरकत घ्यायची संधी द्यावी लागते. त्यासाठी अर्ज उघड्या रजिस्टरवर येतो: नाव, पत्ता, चित्र, वर्ग, सगळं. कोणीही ते उतरवून घ्यावं आणि छापावं. माझा लोगो पत्रावर होता याचा अर्थ एवढाच, की कोणीतरी तो रजिस्टरवरून उचलला होता.

पैसे भरल्यावर सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र आलं. मी ते काचेच्या चौकटीत लावलं. त्याहून वाईट म्हणजे लोखंडी ठसा नव्याने करून घेतला, नावाच्या डोक्यावर वर्तुळातला आर असलेला. नोंदणी झाली नसताना ते चिन्ह लावणं बऱ्याच देशांत गुन्हा आहे, हे मला ठाऊक नव्हतं. अर्ज नुसता पडून असला तरी ‘टीएम’ लावता येतं, वर्तुळातल्या आरसाठी नोंदणी झालेली असावी लागते. आणि कागदावरची चूक खोडता येते, चामड्यावर उठलेला ठसा खोडता येत नाही. तो सगळा माल मला बाजूला काढावा लागला.

पिशवी घ्यायला आलेले एक वकील तो ठसा बोटाने चाचपत म्हणाले, “मॅडम, इतक्या लवकर नोंदणी झाली?” मी भिंतीकडे बोट दाखवलं. ते जवळ जाऊन वाचत राहिले, मग त्यांनी मूळ पत्र मागितलं आणि पहिल्यांदा ते उलटं केलं. मागे फिकट राखाडी शाईत, मुंगीएवढ्या अक्षरात मजकूर होता. त्याचा अर्थ असा: हे बिल नाही, आमच्या खासगी सूचीत तुमचं नाव छापण्याचा हा प्रस्ताव आहे, रक्कम भरलीत की तो तुम्हाला मान्य आहे असं धरलं जाईल. पुढच्या बाजूला ‘प्रस्ताव’ हा शब्द एकदाही नव्हता. बँकेने हात वर केले, कारण पैसे मी स्वतः पाठवले होते. तक्रार दिली आहे, तिचं काय होईल ते होईल.

आंतरराष्ट्रीय नोंदणी नावाची गोष्ट खरी आहे, म्हणून तर हे खपतं. ती माद्रिद पद्धतीने होते आणि जिनिव्हाची जागतिक बौद्धिक संपदा संघटना ती चालवते. पण तिच्यासाठी आपणच आपल्या देशातल्या कार्यालयामार्फत अर्ज करायचा असतो, आणि कोणकोणत्या देशांत संरक्षण हवं तेही आपणच सांगायचं असतं. न मागता ती कोणाच्या दारात येत नाही. त्याच संघटनेच्या संकेतस्थळावर अशा फसव्या पत्रांचे नमुने ठेवलेले आहेत. ते चाळताना माझ्या पत्राची सख्खी भावंडं दिसली. स्वीडनमधल्या अपील न्यायालयाने २०१७मध्ये अशा बनावट बिलांच्या प्रकरणात शिक्षा सुनावल्या. अमेरिकेत २०२१मध्ये असाच उद्योग करणाऱ्या एकाला चार वर्षांहून जास्त कैद झाली. म्हणजे फसणारी मी एकटी नव्हते. त्याने बरं वाटलं असं मात्र म्हणवत नाही.

इथवर झालं ते पैशांचं. खरा घाव पुढे बसला, आणि तो माझा मीच घातला.

दुधाने तोंड पोळलं तशी मी ताक फुंकायला लागले. कार्यालयासारखं दिसणारं काहीही आलं की न उघडता बाजूला टाकायचं. त्यात एक ईमेल आला: अर्जाबाबत परीक्षकाचा आक्षेप, अमुक दिवसांत उत्तर द्या. मी हिशेबवाल्या मुलाला म्हटलं, “बघ, आले परत.” आणि तो पुसून टाकला. तो खरा होता. आक्षेपही किरकोळ होता. मालाच्या वर्णनात मी ‘चामड्याच्या वस्तू’ असं मोघम लिहिलं होतं, नेमक्या कोणत्या ते त्यांना हवं होतं. दोन ओळींत काम भागलं असतं. मुदत टळली आणि अर्ज सोडून दिला असं गृहीत धरून तो बंद झाला.

पुन्हा अर्ज केला, पण तारीख नवी पडली, जवळजवळ आठ महिने नंतरची. बहुतेक ठिकाणी आधी अर्ज करणाऱ्याचं पारडं जड असतं, त्यामुळे त्या आठ महिन्यांत तशाच नावाने कोणी अर्ज केला असेल, तर तो आता माझ्या पुढे उभा आहे. शिवाय १८८३च्या पॅरिस करारामुळे पहिल्या अर्जापासून सहा महिन्यांत दुसऱ्या सदस्य देशात अर्ज केला, तर तिथेही पहिलीच तारीख धरली जाते. ती सवलतही हातची गेली.

आता मी पत्र खरं दिसतं का हे बघतच नाही, कारण सगळी खरीच दिसतात. मी कार्यालयाच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करते (पत्रातली लिंक कधीच नाही), अर्जाचा क्रमांक घालते आणि माझं प्रकरण कुठे आहे ते बघते. परीक्षण, प्रकाशन, हरकत, नोंदणी आणि पुढे बहुधा दर दहा वर्षांनी नूतनीकरण, एवढेच ते टप्पे. पत्रात मागितलेले पैसे यातल्या कोणत्या टप्प्याचे, हे सांगता आलं नाही तर पैसे जात नाहीत. सांगता आलं तरी खात्यावरचं नाव कार्यालयाचंच आहे ना, ते बघते. नूतनीकरणाची बनावट पत्रं तर खऱ्या तारखेच्या वर्ष-दीड वर्ष आधीच येतात म्हणे, म्हणून ती तारीख मी ठशांच्या पेटीच्या झाकणावर रंगवून ठेवणार आहे. आधी नोंदणी होऊ दे.

दुसऱ्या अर्जानंतर आतापर्यंत तीन पत्रं आली. दोन बनावट. एकावर तोच पक्षी आहे, फक्त या वेळी तो डावीकडे बघतोय. तिसरं पत्र खरं निघालं, त्याला त्याच दुपारी उत्तर गेलं. भिंतीवरची चौकट मी काढलेली नाही, आतला कागद मात्र उलटा करून लावलाय.