शरदातल्या संथ सकाळीसाठी ८×४२ दुर्बीण

शरदातलं स्थलांतर बघायला कुठली दुर्बीण घेऊ, असं कुणी विचारलं की मी लगेच सांगते: ८×४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटर रुंदीचं. आणि ती घेऊन दहा ठिकाणं पालथी घालू नका, एकाच झाडाशी ठिय्या द्या.

स्थलांतर करणारे बरेचसे लहान पक्षी रात्रभर उडतात आणि पहाटे झाडी दिसेल तिथे उतरतात. उतरले की आधी खाणं. म्हणजे सगळी धांदल नेमकी अंधुक उजेडात. दुर्बिणीचा कस लागतो तो तेव्हाच. ४२ ला ८ ने भागा, ५.२५ येतात, तेवढ्या मिलिमीटर रुंदीचा प्रकाश डोळ्याकडे येतो. १०×४२ मध्ये तो ४.२ वर उतरतो. कमी उजेडात डोळ्याची बाहुली मोठी झालेली असते, त्यामुळे हा फरक जाणवतो. १० पटीत पक्षी मोठा दिसतो हे खरं, पण हाताची थरथरही वाढते आणि दृश्य आक्रसतं. पर्णवटवट्यासारखा चिमुकला पक्षी पानाआड क्षणभरही स्थिर राहत नाही. तो चौकटीतून निसटला की मोठा दिसून काय उपयोग?

शरदात ओळख पटवणं मुळात कठीण. अनेकांचा विणीचा पिसारा उतरलेला, सोबत यंदाची पिल्लं, गाणं जवळजवळ बंद. मग बारीक खुणांवरच भिस्त. करडा धोबी आणि पिवळा धोबी, दोघांच्याही अंगावर पिवळं असतं. अशा वेळी मी पाय बघते: करड्याचे फिकट गुलाबीसर, पिवळ्याचे काळे. ओल्या चिखलात, ऊन यायच्या आधी, ते गुलाबी पाय स्वच्छ दिसले आणि या दुर्बिणीवर माझा जीव जडला!

वजन मात्र साधारण ७०० ग्रॅम. सोबत आलेला अरुंद पट्टा मानेला काचतो; दोन्ही खांद्यांवर भार घेणारा हार्नेस लगेच घ्या. माझ्यासारखा चष्मा असेल तर आय रिलीफ (डोळा भिंगापासून जितका दूर ठेवूनही पूर्ण दृश्य दिसतं ते अंतर) किमान १५ मिलिमीटर हवा, नाहीतर कडेचं दृश्य कापलं जातं. दूरच्या चिखलावरच्या तुताऱ्यांना (चिखलात चरणारे छोटे पाणपक्षी) ही दुर्बीण पुरत नाही, तिथे स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवरची जास्त ताकदीची दुर्बीणच लागते.

घेण्याआधी दुकानातल्या दिव्यांखाली पारखू नका. संध्याकाळी बाहेर उभं राहून झाडाच्या सावलीतली पानं बघा.