नोटरीच्या कागदांवर घेतलेला प्लॉट

मालक खरा होता, सातबारा खरा होता, सहीसुद्धा माझ्या डोळ्यांसमोर झाली. तरीही तो प्लॉट कधीच माझा झाला नाही, हे मला सहा वर्षांनी कळलं.

व्यवहार दलालामार्फत झाला. पूर्ण रक्कम मी चेकने दिली आणि हातात तीन कागद आले: साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार), माझ्या नावाचं कुलमुखत्यारपत्र (मालकाच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार) आणि ताबा पावती. तिन्ही नोटरी केलेले. खरेदीखताचं काय, असं विचारलं तर दलाल म्हणाला, "साहेब, मुद्रांक शुल्क आत्ताच कशाला भरता? मुखत्यारपत्र तुमच्याच नावाचं आहे. उद्या विकाल तेव्हा थेट पुढच्याच्या नावे खरेदीखत करून द्या." मालक वयस्कर होते, मी त्यांना काका म्हणत होतो. त्यांनीही मान डोलावली. नोटरीने जाड वहीत आमच्या सह्या घेतल्या, लाल गोल शिक्का मारला, आणि तो शिक्का बघूनच मी निर्धास्त झालो.

त्या शिक्क्याचा अर्थ एवढाच की या माणसाने या तारखेला सही केली. मालकी त्याने सरकत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चं कलम ५४ सांगतं की शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत नोंदणीकृत दस्तानेच विकता येते. साठेखत हा नुसता करार, त्यातून मिळकतीत हक्क निर्माण होत नाही. साठेखत आणि मुखत्यारपत्रावर होणाऱ्या अशा व्यवहारांनी मालकी मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०११ साली सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट सांगितलंय. मी व्यवहार केला तो या निकालानंतर. एका वकिलाला कागद दाखवले असते तर अर्ध्या तासात कळलं असतं.

मधल्या काळात काका वारले. मला कोणी कळवलं नाही. मुलांनी वारस नोंद लावली आणि प्लॉट तिसऱ्याला रीतसर विकला.

एका रविवारी पत्नीला घेऊन प्लॉटवर गेलो तर पायाचे खड्डे खणलेले. आम्ही चार कोपऱ्यांना चुना लावून पुरलेले दगड बाजूला ढीग करून ठेवले होते. तिथल्या गृहस्थांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या आणि मोबाईलवर सूची क्रमांक दोनचा उतारा, म्हणजे नोंदणी झालेल्या खरेदीखताचा सारांश, उघडून दाखवला. त्यांनी बँकेचं कर्ज काढून घेतलाय. त्यांच्यावर रागवायचं तरी कसं? सातबाऱ्यावर त्यांना वारसांचीच नावं दिसली. माझं नाव तिथे कधी लागलंच नव्हतं. "नाव नंतर चढतं," असं दलाल दरवेळी सांगायचा आणि मी ऐकून घ्यायचो. नोटरीच्या कागदावर खरेदीचा फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलण्याची नोंद, होत नाही, हे विचारायला मी तलाठी कार्यालयात एकदाही गेलो नाही.

ताबा पावतीचा तरी उपयोग होईल असं वाटलं होतं. ताबा घेतलेल्या खरेदीदाराला त्याच अधिनियमाचं कलम ५३-अ संरक्षण देतं, पण २००१ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी करार नोंदणीकृत असावा लागतो. मालकाच्या मृत्यूबरोबर मुखत्यारपत्रही सर्वसाधारणपणे संपतं. आता खरेदीखत करून मिळावं म्हणून वारसांवर दावा लावलाय, पण त्यातही अडचण आहे. ताब्यासह केलेल्या साठेखताला महाराष्ट्रात खरेदीखताइतकंच मुद्रांक शुल्क लागतं. म्हणजे जे शुल्क वाचलं असं मी समजत होतो, ते दंडासकट भरल्याशिवाय कोर्ट तो कागद पुराव्यात घेणार नाही.

हे लिहिण्यामागे कारण आहे. त्याच दलालाने त्याच ले-आउटमधले आणखी प्लॉट असेच नोटरीवर दिलेत, आणि असे दलाल सगळीकडे आहेत. तुमच्याकडे असे कागद असतील आणि विकणारा हयात असेल तर या आठवड्यातच त्यांच्याकडे जा. त्याआधी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये त्या मिळकतीचे दस्त बघून घ्या, ताजा सातबारा काढा, वकिलाकडून शोध अहवाल (मिळकतीच्या जुन्या व्यवहारांची तपासणी) घ्या. मग मालकाला दुय्यम निबंधकासमोर, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, नेऊन खरेदीखत करून घ्या. ते टाळाटाळ करू लागले तर लगेच वकिलामार्फत नोटीस पाठवा. नकार कळल्यापासून खरेदीखत मागण्याच्या दाव्यासाठी तीनच वर्षं मिळतात, आणि करारात खरेदीखताची तारीख ठरलेली असेल तर ही मुदत त्या तारखेपासूनच धावू लागते.