पंप नाही, टँकर नाही : संगमेश्वरकडचा एक होमस्टे

एप्रिलच्या शेवटी संगमेश्वर तालुक्यातल्या एका घरगुती होमस्टेत आम्ही दोन रात्री राहिलो. पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो शेवटच्या तीन किलोमीटरच्या रस्त्यासाठी. गाडीचं पोट दोनदा घासलं.

जेवण उत्तम. घावणे, फणसाची भाजी, कुळथाची पिठी. काकू विचारत नाहीत, सरळ वाढतात.

पण लिहायचंय ते पाण्याबद्दल. मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी, म्हणजे मे महिनाभर टँकरवाल्याशी हुज्जत. येताना इथल्याही एका वाडीत टँकर उभा दिसला. वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात! आणि या घरात चोवीस तास पाणी, तेही मोटरीशिवाय. वरच्या देवराईतल्या झऱ्यावरून नुसत्या उताराने पाइप आणलाय.

सकाळी काका वर घेऊन गेले. (देवराईत चपला चालत नाहीत, तळव्यांची तयारी ठेवा.) शेजारचा उतार काजूसाठी साफ केलेला. तिथे त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं. तांबडं होऊन खाली पळालं. मग आत, गारंबीच्या वेलाखाली, जाड पातेऱ्यावर, म्हणजे साचलेल्या वाळक्या पानांच्या थरावर, तेवढंच ओतलं. कुठे गेलं कळलंच नाही.

मी म्हटलं, मग सरकार झाडं लावतंच आहे की! 2019 साली 33 कोटींचा संकल्प होता. काका म्हणाले, "वहिनी, झाडं पाणी पितात पण. सड्यावर, या कातळाच्या माळावर, अकेशिया लावून झरा फुटत नाही. हा पातेरा किती पिढ्यांचा आहे?" काजू-आंब्याला 1990 पासून रोजगार हमीतून अनुदान आहे. रान तोडलं नाही म्हणून मात्र सहसा कुणाला दमडी मिळत नाही, आणि कोकणातलं बरंचसं रान खासगी मालकीचं. मुलीच्या लग्नाला पैसे लागले की माणूस काय करणार? झाडं मोजण्यापेक्षा राखणाऱ्याला वर्षाला काही द्या, असं माझं मत तिथेच झालं.

आमच्या बिलात गरम पाण्याचे पैसे वेगळे होते. झऱ्याचे नव्हते. देवळाच्या पेटीत दोनशे टाकून आले.

बुकिंग करताना वरची खोली मागा. खालच्या खोलीत नळाला इतका जोर आहे की बादली भरेपर्यंत आपली आंघोळ होते.