पीसीआय कॉन्फिगरेशन: पोर्टमधून वाचायचं की ईकॅममधून?

स्वतःचा कर्नल लिहायला घेतला की पीसीआय बसवरची उपकरणं शोधायची वेळ लवकरच येते. त्यासाठी प्रत्येक उपकरणाची कॉन्फिगरेशन रजिस्टरं (त्याची ओळख आणि सेटिंग्ज) वाचायची असतात आणि तिथे दोन वाटा दिसतात: प्रोसेसरचे आय/ओ पोर्ट, किंवा ईकॅम, म्हणजे तीच रजिस्टरं मेमरीच्या पत्त्यांवर दाखवणारी पीसीआय एक्सप्रेसची सोय. माझं मत आधीच सांगतो: एक्स८६ वर (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांवर) दोन्ही ठेवा, सुरुवात पोर्टने करा.

पोर्टची वाट जुनी. हेक्साडेसिमल सीएफ८ या पोर्टवर बस, डिव्हाइस, फंक्शन (डिव्हाइसमधला स्वतंत्र भाग) आणि रजिस्टर मिळून झालेला पत्ता लिहायचा, सीएफसी मधून डेटा घ्यायचा. एसीपीआयचं (फर्मवेअर हार्डवेअरची माहिती देतं त्या टेबलांपैकी) एकही टेबल वाचावं लागत नाही, मेमरी मॅप करावी लागत नाही. अडचण ही की काम दोन पायऱ्यांचं आहे. मधल्या क्षणी दुसऱ्या कोअरने आपला पत्ता लिहिला तर तुमचा डेटा भलत्याच उपकरणात जातो. म्हणून लॉक हवाच. इंटरप्ट हँडलरही कॉन्फिगरेशनला हात लावणार असेल तर इंटरप्टही बंद ठेवायला हवेत. शिवाय प्रत्येक फंक्शनचे पहिले २५६ बाइटच मिळतात. पीसीआय एक्सप्रेसमध्ये ते ४०९६ असतात आणि एईआर (चुकांची नोंद), एसआर-आयओव्ही (एका उपकरणाची अनेक आभासी उपकरणं) यांची रजिस्टरं नेमकी त्या वरच्या भागात असतात.

ईकॅममध्ये हा सगळा पसारा मेमरीत दिसतो. एका बसला १ एमबी, म्हणजे २५६ बसना २५६ एमबी. पत्ता शिफ्ट करून काढायचा, एका सूचनेत वाचायचं. दोन पायऱ्याच नसल्यामुळे वरचा लॉक लागत नाही. व्हर्च्युअल मशीनमध्येही हायपरव्हायझरकडे दोनदा जाण्याऐवजी एकदाच जावं लागतं.

मग पोर्ट हवाच कशाला? कारण ईकॅमचा मूळ पत्ता फर्मवेअर एसीपीआयच्या एमसीएफजी टेबलातून सांगतं, आणि फर्मवेअरच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. ती जागा खरंच राखीव आहे का, हे लिनक्स आधी तपासतो. मॅपिंग अनकॅश्ड (कॅशमधून न जाणारं) हवं. एएमडीच्या फॅमिली १०एच प्रोसेसरांवर तर हा डेटा ईएएक्स रजिस्टरमधूनच न्यावा लागतो (हे कंपायलरला आपणहून कळत नाही). सर्वांत चिवट भानगड बारचा (उपकरणाची मेमरी कोणत्या पत्त्यावर दिसेल ते ठरवणाऱ्या रजिस्टरचा) आकार मोजताना होते: बारमध्ये सगळे बिट १ लिहिले की मोठा बार क्षणभर ईकॅमच्याच जागेवर हक्क सांगू शकतो आणि मशीन गोठतं. मोजण्याआधी त्या उपकरणाचं मेमरी डिकोडिंग बंद करा.

एक्स८६ वरचा लिनक्स सहसा सेगमेंट ० (बसांचा पहिला गट) मधले पहिले २५६ बाइट पोर्टने वाचतो, त्यापलीकडचं ईकॅमने. दिसायला ओबडधोबड, पण मला हीच वाटणी पटते.

एआरएम६४ वर हे आय/ओ पोर्टच नाहीत, त्यामुळे निवडीचा प्रश्न नाही. मात्र काही चिपांचे कंट्रोलर ईकॅमचे नियम पूर्ण पाळत नाहीत. विंडोजचा ड्रायव्हर लिहीत असाल तर यातलं काहीच स्वतः करू नका, बस ड्रायव्हरकडे मागा.

क्यूएमू या एम्युलेटरमध्ये तपासताना आय४४०एफएक्स मशीनवर ईकॅम मिळणार नाही, क्यू३५ घ्या. बाकी कर्नलला वाचण्यासाठी कोडमधलं एकच सामाईक फंक्शन दिसू द्या. ईकॅम नसताना २५६ च्या पुढचं मागितलं तर त्याने सगळे बिट १ परत करावेत, कारण गैरहजर उपकरणाचं उत्तरही तेच असतं.