विंडोजच्या डेस्कटॉपवर पोस्टग्रेस १७: घ्यावं का आणि बसवताना काय बघावं

दुकानाचा हिशोब, ग्रंथालयाची यादी, शाळेची प्रवेशनोंद असं काही ऑफिसातल्या साध्या डेस्कटॉपवर ठेवायचं असेल, तर आमचं मत सरळ आहे: पोस्टग्रेस हा डेटाबेस (माहिती टेबलांत साठवणारा प्रोग्रॅम) घ्या. फुकट आहे, भक्कम आहे आणि ईडीबी या कंपनीचा विंडोज इन्स्टॉलर सर्व्हर झटपट उभा करून देतो. मात्र 'फिनिश' दाबलं की काम संपलं, असं समजू नका.

इन्स्टॉलर चार गोष्टी विचारतो: सर्व्हर, पीजीअ‍ॅडमिन ४ (डेटाबेस खिडक्यांतून हाताळायचा प्रोग्रॅम), स्टॅक बिल्डर (जोडीची साधनं उतरवून देणारा) आणि कमांड लाइन टूल्स (आज्ञा टाइप करून वापरायची साधनं). स्टॅक बिल्डरची खूण काढून टाका, सुरुवातीला त्याची गरज नसते. डेटा फोल्डर वनड्राइव्हशी जोडलेल्या जागेत अजिबात नको. अँटीव्हायरसच्या तपासणीतूनही तो वगळा. शेवटच्या टप्प्यावर 'क्लस्टर इनिशियलायझेशन फेल्ड' (डेटा फोल्डर तयार करता आला नाही) असा निरोप आला, तर आधी त्या फोल्डरच्या परवानग्या बघा. सर्व्हर विंडोजची सर्व्हिस म्हणून, म्हणजे पार्श्वभूमीत, 'नेटवर्क सर्व्हिस' या खात्यावर चालतो, त्या खात्याला तिथे लिहिता आलं पाहिजे. पोर्ट (ज्या क्रमांकावर प्रोग्रॅम सर्व्हरशी बोलतात तो) ५४३२ ऐवजी ५४३३ सुचवला गेला, तर ५४३२ आधीच कुणीतरी अडवलेला आहे, बहुधा जुन्याच पोस्टग्रेसने. ५४३३ चालतो, फक्त प्रत्येक प्रोग्रॅममध्ये तोच आकडा द्यायला हवा.

खरी सेटिंग डेटा फोल्डरातल्या दोन मजकुरी फायलींत असते. पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फमध्ये शेअर्ड बफर्स (पोस्टग्रेसने स्वतःसाठी राखलेली रॅम) मुळात १२८ एमबी असतात. ८ जीबी रॅमच्या, ब्राउझर आणि टॅलीसुद्धा चालणाऱ्या मशीनवर ५१२ एमबी पुरे. ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह राहिलं, तर बदल गुपचूप दुर्लक्षिला जातो. 'एमबी'ची दोन्ही अक्षरं कॅपिटल लागतात. ती लहान लिहिली, तर सर्व्हिस सुरूच होत नाही, आणि विंडोज कारणही नीट सांगत नाही. कारण विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधल्या 'अ‍ॅप्लिकेशन' लॉगमध्ये सापडतं. या बदलासाठी सर्व्हिस रीस्टार्ट करावी लागते.

शेजारच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून जोडायचं असेल, तर पीजी_एचबीए.कॉन्फमध्ये (कुणाला कुठून जोडू द्यायचं, ते ठरवणारी दुसरी फाइल) एक ओळ वाढवा: १९२.१६८.१.०/२४ सारखी तुमच्या नेटवर्कची रेंज, आणि पासवर्ड तपासायची पद्धत स्क्रॅम-शा-२५६. इथे 'ट्रस्ट' लिहिणं म्हणजे पासवर्डच काढून टाकणं. जुळणारी पहिलीच ओळ लागू होते, त्यामुळे ओळींचा क्रम बघा. या फाइलला नुसतं रीलोड (सर्व्हिस न थांबवता सेटिंग पुन्हा वाचायला लावणं) पुरतं. विंडोज फायरवॉलमध्ये ५४३२ साठी इनबाउंड रूल (बाहेरून येणाऱ्या जोडणीला परवानगी) करायचं मात्र हमखास राहून जातं.

आणि आता मराठीचं. डेटाबेसचं एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८च ठेवा. लोकेल (भाषेनुसार क्रम वगैरे ठरवणारी सेटिंग) 'सी' असेल, तर अक्षरं युनिकोडच्या क्रमाने लागतात. तिथे 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या मधे येतो, म्हणून स्टेशनांची यादी कर्जत, कल्याण, कळवा, कसारा अशी लागते. आपल्या वर्णमालेत 'ळ' तर 'ह'च्या नंतर, म्हणजे कळवा कसाऱ्याच्या मागे जायला हवा. त्यासाठी वेगळं काही बसवावं लागत नाही. 'एमआर-एक्स-आयसीयू' हे कोलेशन (अक्षरांचा क्रम लावायचा नियम) तयारच असतं. क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत) ऑर्डर बाय या क्रम लावणाऱ्या भागातल्या कॉलमपुढे ते लावा. नावात जोडरेघ असल्यामुळे दुहेरी अवतरणचिन्हं हवीतच. मतदारयादीसारखी नावांची यादी छापणाऱ्यांसाठी एवढ्या एका सोयीवर आम्ही पोस्टग्रेसला झुकतं माप देऊ.

काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायच्या पीएसक्यूएल या साधनात कोड पेजची (खिडकीच्या अक्षरसंचाची) सूचना येते आणि देवनागरी मोडकी दिसते. मराठी मजकूर तपासायला पीजीअ‍ॅडमिनच उघडा.

अनइन्स्टॉल केलं तरी डेटा फोल्डर जागेवरच राहतो. पुन्हा तीच आवृत्ती बसवून तोच फोल्डर दिला, तर पासवर्डही जुनाच लागतो, म्हणून पहिल्या दिवशी घातलेला पोस्टग्रेस खात्याचा पासवर्ड ऑफिसच्या वहीत लिहून कपाटात ठेवा.