१००० वॅटचा गोल्ड एसएमपीएस: आठ महिने वापरल्यावर

मशीन असं आहे: रायझन ९ ७९५०एक्स प्रोसेसर, आरटीएक्स ४०९० ग्राफिक्स कार्ड, दिवसा ब्लेंडरवर थ्रीडी काम, रात्री गेम. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, १००० वॅट, ८० प्लस गोल्ड (वीज किती कमी वाया जाते त्याची श्रेणी, प्लॅटिनम त्याच्या वरची), फुल मॉड्युलर (सगळ्या केबल्स सुट्या होणारा), एटीएक्स ३.१ (एसएमपीएसचं नवं मानक). ब्रँड मुद्दाम लिहीत नाही. एकाच ब्रँडच्या दोन सिरीज वेगवेगळ्या कारखान्यांतून येतात, त्यामुळे नुसत्या नावावर गेलं की फसगत ठरलेली. त्यापेक्षा स्टिकर वाचा. १२ व्होल्टच्या रेलवर (आउटपुट लाइनवर) ८३ अँपिअर असायला हवेत. खोक्यावर १००० वॅट आणि स्टिकरवर ६५ अँपिअर असेल, तर तो डबा दुकानातच राहू द्या.

हिशोब सरळ आहे. प्रोसेसर पूर्ण जोरात २३० वॅट, कार्ड ४५०, बोर्ड-रॅम-पंखे मिळून सत्तर-ऐंशी. म्हणजे साडेसातशेच्या आसपास, मग ८५० का नाही? चालतो, पण तो एटीएक्स ३.० किंवा ३.१ असेल तरच. कार्ड मायक्रोसेकंदापुरतं भलतीच ओढ घेतं. या श्रेणीच्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंद दुप्पट भार झेलावा, अशी नव्या मानकाची अट आहे. जुन्या एसएमपीएसचं प्रोटेक्शन (जास्त भार आला की वीज तोडणारी सोय) अशा वेळी पडतं आणि स्क्रीन एकदम काळी होते. लोक मग रॅम बदलत बसतात.

प्लॅटिनम घेतला नाही याची आठ महिन्यांत एकदाही खंत वाटली नाही. २३० व्होल्टवर निम्म्या भाराला गोल्ड ९२ टक्के कार्यक्षम, प्लॅटिनम ९४. ५०० वॅटच्या भारावर हा फरक जेमतेम ११-१२ वॅटचा. रोज सहा तास धरले तर वर्षाला साधारण २५ युनिट वीज. युनिटला दहा रुपये धरा आणि किंमतीतला फरक किती वर्षांत फिटतो ते बघा.

खरी काळजी कार्डाला वीज देणाऱ्या १६ पिनच्या कनेक्टरची. ४५० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर साडेसदतीस अँपिअर, त्यातल्या १२ व्होल्टच्या सहा पिनांत वाटले तर प्रत्येकीला सव्वासहा. एखादी पिन नीट बसली नाही की तिचा वाटा बाकीच्यांवर पडतो आणि प्लास्टिक वितळायला लागतं. कार्डाकडचं सॉकेट नव्या १२व्ही-२×६ प्रकारचं असेल तर त्यातल्या सेन्स पिना (प्लग बसला का ते ओळखणाऱ्या) आखूड असतात, प्लग अर्धवट राहिला तर कार्ड चालूच होत नाही. सुरुवातीच्या ४०९० वर मात्र जुनं सॉकेट आहे, तिथे केबल नवी घालून काही साधत नाही. प्लग टक् आवाज येईपर्यंत दाबायचा, टॉर्च मारून फट राहिली नाही ना ते बघायचं, आणि पहिले ३५ मिलीमीटर वायर सरळ ठेवायची. काचेच्या दाराने वायर दाबली जात असेल तर केस बदला, वायर वाकवू नका.

एसएमपीएसच्या पंख्याची कटकट थोडी आहे. कमी भारावर तो बंद राहतो, पण एप्रिल-मेमध्ये खोली ३८ अंशांवर गेली की सुरू होण्याच्या सीमेवर राहून दर मिनिटाला चालू-बंद होतो. मागचं बटण दाबून तो कायम फिरता ठेवला, आवाज उलट कमी जाणवतो. खालची जाळी महिन्याला धुवायची, नाहीतर धुळीचा नमदा बसतो.

यूपीएसच्या बाबतीत बहुतेकांची गल्लत होते. १ केव्हीएचा यूपीएस म्हणजे बहुधा ६०० वॅटच. रेंडर चालू असताना वीज गेली की तो ओव्हरलोडची शिट्टी मारून बंद पडतो. एटीएक्स ३.१ नुसार वीज तुटल्यावर एसएमपीएसने ८० टक्के भारावर १७ मिलीसेकंद तग धरायची, पूर्ण भारावर फक्त १२; यूपीएसने तेवढ्यात वीज द्यायला हवी. म्हणून मोठा, प्युअर साइनवेव्हचा (घरच्या विजेसारखी सलग लहर देणारा) यूपीएस घ्या. पायऱ्यापायऱ्यांच्या स्टेप वेव्हवर ॲक्टिव्ह पीएफसीवाले (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असलेले) काही एसएमपीएस रुसतात. तोवर कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर, म्हणजे ३१५ वॅटवर आणा. फ्रेम रेट फारसा पडत नाही.

केसच्या स्क्रूला हात लागला की झिणझिण्या येतात? एसएमपीएसला दोष देऊ नका, भिंतीवरच्या स्विचबोर्डाला अर्थिंग नाही. आतल्या फिल्टरमुळे बॉडीवर निम्मं व्होल्टेज तरंगत असतं. मल्टिमीटरने फेज-अर्थ मोजा. २३० च्या जवळ येत नसेल तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

आणि जुन्या एसएमपीएसच्या मॉड्युलर केबल्स आजच टाकून द्या. प्लग बसतो म्हणून साटाची (एसएसडी-हार्डडिस्कला वीज देणारी) जुनी केबल नव्या एसएमपीएसला लावली, की पिनांचा क्रम वेगळा असल्याने ५ च्या जागी १२ व्होल्ट जाऊ शकतात. एसएसडी गेली, डेटाही गेला, आणि वॉरंटीत ते बसत नाही.