मीटरवर १३.३ व्होल्ट, डब्यात सिमेंट

सोलरची बॅटरी डोक्यावर घेताना वाडीतला पोरगा म्हणाला होता, "काका, ही एका बाजूला जड लागतेय." आमच्या घराकडे पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढून यावं लागतं, टेम्पो खालीच थांबतो. दुसरी बॅटरी आणतानाही तो तेच म्हणाला. मी म्हटलं, "आत सर्किट असतं रे एका बाजूला." ३० वर्षं वायरमनचं काम केलेल्या माणसाचं हे उत्तर, त्यामुळे पोरगा गप्प बसला.

संगमेश्वर तालुक्यात आमचं वडिलोपार्जित घर आहे. निवृत्तीनंतर आम्ही दोघं तिथे राहायला आलो. शेवटचा विजेचा खांब घरापासून लांब, मधे दुसऱ्यांच्या जमिनी. म्हटलं, कशाला कुणाच्या मिनत्या करा, ऊन आपलं, पाऊस आपला. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'वीजबिल नाही, पाणीपट्टी नाही' अशी एक दिवसाची कार्यशाळा होती, तिला १,५०० रुपये भरून गेलो. शिकवणारा माणूस तिशीतला, गोड बोलणारा. मी वायरमन होतो हे कळल्यावर म्हणाला, "मग काका, तुम्हाला काय शिकवायचं? तुम्ही तर लाइनमधलेच. तुम्ही फक्त सामान घ्या, जोडणी तुमची तुम्ही कराल." त्या एका वाक्यात मी विकला गेलो.

सामान असं: '१२ व्होल्ट १०० अँपिअर-अवर' (म्हणजे १ अँपिअर १०० तास देईल एवढा साठा) लिहिलेल्या दोन लिथियम बॅटऱ्या ४८,०००, ३३५ वॅटचे दोन सोलर पॅनल १८,०००, पॅनलची जास्तीत जास्त वीज बॅटरीत भरणारा 'एमपीपीटी' कंट्रोलर ७,५००, इन्व्हर्टर ११,५०० आणि पावसाच्या पाण्याचा फिल्टर ९,०००. एकूण ९४,०००. साठ टक्के आगाऊ, बाकीचे माल दाखवल्यावर. पक्कं बिल घेतलं तर जीएसटी वर लागेल म्हणाला, तेव्हा मीच म्हटलं, राहू दे. यूपीआयवर भलतंच नाव आलं. "मेहुण्याचं खातं आहे," म्हणाला. इथे तरी मी थांबायला हवं होतं.

डिसेंबरात माल आला. त्याने मीटर काढून दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्ट दाखवले, १३.३. मी माझाही मीटर लावून बघितला, तेवढेच. खूश होऊन उरलेले ३७,६०० तिथेच पाठवले.

आता ज्यात मी फसलो ते जरा सविस्तर सांगतो. लेड-ॲसिड बॅटरीत व्होल्टेज बघून, नाहीतर हायड्रोमीटर बुडवून, ती किती भरलीय याचा अंदाज येतो. माझी सगळी हयात त्या बॅटऱ्यांवर गेली. ही नवी बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, तिचं तसं नाही. तिचा एक सेल ३.२ व्होल्टचा, चार ओळीने जोडले की १२.८. ती जवळजवळ भरलेली असो की बरीच उतरलेली, मधल्या सगळ्या टप्प्यात व्होल्टेज १३ च्या आसपासच रेंगाळतं. शिवाय व्होल्टेजवरून बॅटरीत किती साठा मावतो हे कधीच कळत नाही. तांब्याही काठोकाठ भरलेला असतो आणि हंडाही. मी काठ बघितला, भांडं बघितलंच नाही.

जानेवारी, फेब्रुवारी छान गेले. चार एलईडी दिवे, मोबाइल, कधीतरी मिक्सर. थंडीत पंखा कशाला लागतोय? पाहुण्यांना मी हौसेने पॅनल दाखवायचो. एप्रिलमध्ये रात्रभर पंखा लावायला लागलो आणि पहाटे तीनच्या सुमाराला सगळं बंद. पंखाही साधा नाही, २८ वॅटचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी. हिशेब मांडला. १२.८ गुणिले १००, म्हणजे एका बॅटरीत १,२८० वॅट-अवर (एक वॅट-अवर म्हणजे एक वॅट एक तास), दोन्हींत मिळून २,५६०. आमचा रात्रीचा खर्च, इन्व्हर्टर स्वतः खातो ते धरूनही, ६०० च्या घरात. तीन-चार रात्री चालायला हवं होतं.

फोन केला तर म्हणाला, "काका, नवीन बॅटरीला सेट व्हायला वेळ लागतो." मग म्हणाला, तीन महिन्यांची बदली वॉरंटी संपली. ही वॉरंटी तोंडीच होती. त्याच बोलण्यात त्याने मला दुसऱ्यांदा कापलं, हे सांगायची लाज वाटते पण सांगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना जाहीर झाली होती. "तुम्हाला ७८,००० ची सबसिडी मिळवून देतो, फाइलचे ५,००० पाठवा." मी पाठवले. ती सबसिडी ग्रिडला, म्हणजे खांबांवरून येणाऱ्या विजेच्या जाळ्याला, जोडलेल्या छतावरच्या सौरसंचालाच मिळते, आणि ७८,००० तर तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला. आमच्याकडे ग्रिडच नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप! बायको तेव्हाच म्हणाली होती, "खांब नाही तर कनेक्शन नाही, मग सबसिडी कशावर देणार?" तिला विजेतलं काही कळत नाही असं मी ३० वर्षं समजत आलोय.

शेवटी जी चाचणी पहिल्या दिवशी करायची ती मे महिन्यात केली. बॅटरी पूर्ण भरली, सगळ्यापासून सोडवली आणि तिला गाडीच्या हेडलाइटचा ६० वॅटचा बल्ब लावला. तो साधारण ५ अँपिअर खातो. १०० ची बॅटरी असेल तर वीस तासांच्या आसपास जळायला हवा. सकाळी नऊला लावला, जेवायला बसायच्या आधी, सव्वाएकला, विझला. सव्वाचार तास. म्हणजे २१-२२ अँपिअर-अवर. दुसरीचंही तेच.

मग स्क्रू काढले. अर्ध्या डब्यात नळकांड्यांसारखे ३२ सेल. वरची निळी प्लॅस्टिकची खोळ नवी कोरी, पण टोकांना जुन्या वेल्डिंगचे ठिपके आणि त्यांच्या शेजारीच नवे ठिपके. कुठल्यातरी जुन्या बॅटरीतून उचकटलेले सेल. असला सेल नवा असतानाही ६ अँपिअर-अवरचा. आठ-आठच्या चार ओळी, साठा एका ओळीचाच मोजायचा, म्हणजे नवे असते तरी ४८ च्या वर गेले नसते. आणि उरलेल्या अर्ध्या डब्यात थर्माकोलात नीट बसवलेली सिमेंटची लादी. अशी बॅटरी दहा-अकरा किलोची असते हे त्यालाही माहीत होतं, म्हणून वजन बरोबर जुळवलेलं. पोरगा बिचारा बरोबर सांगत होता.

एवढं उघडल्यावर मी कंट्रोलरला सोडतोय होय? भर दुपारी डीसी क्लॅम्प मीटर लावला. पॅनलकडून येणारी तार: १६ अँपिअर. बॅटरीकडे जाणारी तार: तीही १६. इथेच चोरी पकडली जाते. माझे पॅनल ३८ व्होल्टच्या जवळपास सगळ्यात जास्त वीज देतात. खरा एमपीपीटी ते जास्तीचं व्होल्टेज उतरवून त्याच्या बदल्यात अँपिअर वाढवतो, बॅटरीकडे ३५ च्या पुढे दिसायला हवे होते. दोन्हीकडे आकडा सारखा म्हणजे आत जास्तीचं व्होल्टेज वाया घालवणारा साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर, वर 'एमपीपीटी'चं स्टिकर. पॅनल ६७० वॅटचे आणि हातात पडत होते जेमतेम २१५. उन्हाळ्यात छोट्या बॅटऱ्या तेवढ्यावरही भरायच्या, म्हणून कळलं नाही. जूनमध्ये ढग आले आणि आम्ही कंदिलावर आलो.

फिल्टरबद्दल फार लिहीत नाही. 'चांदीचा लेप दिलेले दगड' म्हणजे नदीतले गोटे, खाली कोळसा आणि डासांच्या जाळीचा तुकडा. आता मी ५० लिटरचं एक जुनं पिंप लावलंय, पहिल्या सरीचं पाणी त्यात जातं आणि फणसाचा पाला, पक्ष्यांची घाण तिथेच राहते. पाण्यात माझं खरं नुकसान झालं ते त्याच्या हिशेबाने. आमचं पत्र्याचं छप्पर ४५ चौरस मीटरचं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे ४५ लिटर, आणि इथे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पडतो. वाया जाणारं सोडलं तरी लाखभर लिटर. हे त्याने फळ्यावर लिहून दाखवलं आणि खाली लिहिलं, '५,००० लिटरची टाकी पुरे.' पाऊस चार महिन्यांत पडतो आणि तहान बारा महिने लागते, हे कोकणातल्या माणसाला कुणी सांगायचं? दोघांना रोज ८० लिटर धरले तर ५,००० लिटर दोन महिने जातात. डिसेंबरच्या मध्यालाच टाकीचा तळ दिसला. याला फसवणूक म्हणत नाही, हा माझा आळस.

तक्रारीचं सांगतो. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, मग जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची. बिल नसल्यामुळे यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, बॅटरीच्या स्टिकरचे आणि आतल्या लादीचे फोटो जोडले. प्रकरण चालू आहे. दोन्ही उघडे डबे पुरावा म्हणून माजघरात पडलेत आणि बायको रोज त्यांना वळसा घालून जाते. घर सध्या गावातल्या दुकानातून पक्क्या बिलावर आणलेल्या १५० अँपिअर-अवरच्या ट्युब्युलर, म्हणजे लेड-ॲसिडच्याच एका प्रकारच्या, बॅटरीवर चालतं. तिला डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं, निम्म्याच्या खाली उतरवता येत नाही, आणि पाखाडी चढवायला दोन माणसं लागली. पण पंखा सकाळपर्यंत फिरतो.

हे सगळं लिहायला आज बसलो त्याचं कारण पुतण्या. त्याने परवा एक जाहिरात पाठवली, 'काका, हे आपलंच घर ना?' नवीन नाव, नवीन नंबर, आणि फोटोत आमचा पत्रा, आमचा फणस, पडवीत उभा असलेला मी. खाली लिहिलंय, 'समाधानी ग्राहक'. पुतण्याच्या ओळखीतल्या दापोलीकडच्या एकाने तो फोटो बघून तेच सामान मागवलं होतं. मी त्याला फोन लावला आणि विचारलं, पैसे दिले का?

"साठ टक्के गेले," तो म्हणाला. "बाकीचे रविवारी, माल आल्यावर."

रविवारी हेडलाइटचा बल्ब घेऊन मी दापोलीला जातोय.